मुलांचा संधिवात किती ॲक्टिव्ह आहे ते कसं मोजतात: नवीन आईबाबांसाठी एकेक पायरी

ज्यांच्या मुलाला नुकताच जेआयए म्हणजे लहान मुलांचा संधिवात निघालाय आणि फाईलच्या कोपऱ्यात डॉक्टरांनी 'जेडास ११.२' असं काहीतरी लिहून ठेवलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. जेडास म्हणजे हा आजार आत्ता किती ॲक्टिव्ह आहे ते सांगणारा स्कोर. माझी मुलगी तीन वर्षांची असताना तिचा डावा गुडघा सुजला, आता ती शाळेत जाते, खो-खो खेळते, औषध अजून चालू आहे. मी डॉक्टर नाही, पण इतकी वर्षं फाईल सांभाळून एक गोष्ट मला नक्की कळलीय, की तो आकडा एकट्या डॉक्टरांचा नसतो. त्याच्या चार भागांपैकी एक भाग तुम्ही भरता, आणि तो भाग घाईत, अंदाजाने किंवा भीतीपोटी भरला गेला तर औषधाचा निर्णयच चुकीच्या आकड्यावर होतो.

आधी दोन वाक्यांत आजाराबद्दल. सोळाव्या वाढदिवसाच्या आत सुरू झालेला, कमीत कमी ६ आठवडे टिकलेला आणि ज्याचं दुसरं कुठलं कारण सापडत नाही असा सांध्यांचा दाह, त्याला जेआयए म्हणतात. नातेवाईक म्हणतील लहान मुलांना कुठे संधिवात असतो का, वाढीचं दुखणं असेल, तेल लावा, पण वाढीच्या दुखण्यात सांधा सुजत नाही आणि सकाळी मूल लंगडत नाही, ते दुखणं रात्री येतं आणि सकाळपर्यंत जातं.

आणि मोजायचं कशासाठी तर नुसतं "दुखतंय का" विचारून काही कळत नाही म्हणून. दोन-तीन वर्षांचं मूल दुखतंय असं म्हणतच नाही, ते सरळ तो सांधा वापरायचं बंद करतं. सुजलेला गुडघा घेऊन हसत खेळणारी मुलं असतात, आणि सूज पूर्ण गेल्यावरही महिनोन्महिने पाय दुखतो म्हणणारीसुद्धा असतात.

पायरी १: आपला प्रकार कोणता ते फाईलच्या पहिल्या पानावर लिहून घ्या

सगळ्या जेआयएला एकच माप लागत नाही. पहिल्या ६ महिन्यांत ४ किंवा कमी सांधे धरले असतील तर ऑलिगो, ५ किंवा जास्त असतील तर पॉली. रोजचा ताप, अंगावर पुरळ आणि सांधे असं असेल तर सिस्टेमिक. टाच, कंबर, खुबा, आणि बहुतेक वेळा जरा मोठे मुलगे, त्याला एन्थेसायटिसवाला (स्नायूंच्या दोऱ्या हाडाला चिकटतात तिथल्या दाहाचा) प्रकार म्हणतात आणि आपल्याकडे तो बराच दिसतो. सोरायसिससोबतचा प्रकार वेगळा. आकडा तोच असला तरी ऑलिगोमध्ये त्याचा अर्थ एक आणि पॉलीमध्ये दुसरा, त्यामुळे हे माहीत नसताना नेटवर तक्ता शोधायला बसू नका, उगाच घाबरायला होतं.

पायरी २: एक वही करा, त्यात सकाळ लिहा

ॲप वगैरे ज्यांना जमतं त्यांनी करा, मला वही बरी पडली कारण ती आजीलाही भरता येते. रोज पान भरायची गरज नाही, पण भेटीच्या आधीचे दोन आठवडे तरी रोज लिहा. सगळ्यात महत्त्वाचं आहे ते सकाळचं आखडणं. मूल उठल्यापासून नेहमीसारखं चालायला लागेपर्यंत किती वेळ गेला ते घड्याळ बघून लिहायचं. "सकाळी थोडी लंगडते" यातून डॉक्टरांना काही मिळत नाही. "मंगळवार, उठली ६:४०, भिंतीला धरून बाथरूमला गेली, नीट चालायला लागली ७:१५" यातून सगळं मिळतं. आजार शांत आहे असं म्हणायच्या अटींमध्ये सकाळचं आखडणं १५ मिनिटांपेक्षा जास्त नको ही एक अट आहेच, त्यामुळे १० मिनिटं आणि ३५ मिनिटं यातला फरक खरंच मोठा आहे.

दुपारी झोपून उठल्यावर काय होतं तेही लिहा, आणि एसटीत किंवा गाडीत दोन तास बसून उतरल्यावर पहिली दहा पावलं कशी पडतात ते. स्थिर राहिल्यावर आखडणं आणि हालचाल केल्यावर सुटणं हे दाहाचं लक्षण आहे. उलट दिवसभर खेळून संध्याकाळी दुखतं आणि सकाळी एकदम छान, तर कारण बऱ्याचदा वेगळं असतं. दोन्ही लिहा, अर्थ डॉक्टर लावतील.

अगदी लहान मुलांमध्ये शब्द शोधू नका, सवयी बदलल्या का ते बघा. सकाळी उचलून घे म्हणून हट्ट, जिना बसून बसून उतरणं, उकिडवं बसायचं सोडून देणं, मांडी घालताना एक पाय बाहेर काढून बसणं, चमचा डाव्या हातात घ्यायला लागणं, एकाच बाजूने चावणं, चपाती टाळून मऊ भात मागणं, वहीत अक्षर अचानक हळू होणं. आमच्याकडे शेजारणीने आधी ओळखलं की ही आता पाटावर बसताना हात टेकते.

फोटो काढा पण एकाच पद्धतीने, दोन्ही गुडघे किंवा दोन्ही घोटे एकत्र, त्याच खिडकीच्या उजेडात, पाय सरळ. एकाच पायाचा जवळून काढलेला फोटो निरुपयोगी असतो, तुलना कशाशी करणार.

पायरी ३: सांधे बघायला शिका

डॉक्टर तपासतात ते तुम्ही घरी करू शकणार नाही, आणि करायचंही नाहीये, पण कुठे काहीतरी बदललंय हे ओळखायला शिकता येतं. इंग्लंडमध्ये डॉक्टरांसाठी तयार झालेली पी-गॅल्स नावाची छोटी तपासणी आहे, चाल, हात, पाय, पाठ असं दोन-तीन मिनिटांत बघतात, त्यातल्या बऱ्याच गोष्टी खेळ म्हणून मुलांकडून करून घेता येतात. टाचांवर चाल, मग चवड्यांवर चाल. हात सरळ पुढे कर. मूठ घट्ट वळ. नमस्कार कर आणि कोपरं वर उचल, यात दोन्ही तळवे शेवटपर्यंत चिकटलेले राहायला पाहिजेत, एक मनगट आखडलेलं असेल तर त्या बाजूचं कोपर खालीच राहतं. वर छताकडे बघ, यात मान कळते. तोंड उघडून स्वतःची तीन बोटं उभी घाल, स्वतःची म्हणजे मुलाची, तुमची नाही. यात जबडा कळतो आणि जबड्याचा सांधा हा फसवा आहे, दुखत नाही, सूज दिसत नाही, आणि पुढे हनुवटी एका बाजूला वळते तेव्हा लक्षात येतं.

गुडघ्याचं जरा सविस्तर सांगते कारण ऑलिगोमध्ये तोच सगळ्यात जास्त धरतो. मुलाला पलंगावर पाय सरळ करून झोपवा, मांडी ढिली सोडायला सांगा. गुडघ्याच्या वाटीच्या दोन्ही बाजूंना, विशेषतः आतल्या बाजूला, एक छोटी खळी दिसते. सांध्यात पाणी भरलं की आधी ती खळी जाते, बाजू सपाट दिसते, मग फुगीर, आणि जास्त असेल तर वाटीच्या वरपर्यंत सूज चढते. हाताची मागची बाजू आधी मांडीला, मग गुडघ्याला, मग नडगीला लावा, निरोगी गुडघा मांडीपेक्षा थोडा थंड लागतो, दाह असलेला गुडघा थंड लागत नाही. मग गुडघ्यामागे तुमचा हात ठेवा आणि "माझा हात पलंगात दाब" म्हणा, गुडघा पूर्ण सरळ होत नसेल तर खाली फट राहते. शेवटी टाच ढुंगणाला लावायला सांगा, दोन्ही पायांची. आणि मांडीचा घेर बघा, आजार जुना असेल तर त्या बाजूची मांडी बारीक होते, लहान मुलांमध्ये तर तो पाय थोडा लांबसुद्धा होऊ शकतो कारण दाहामुळे तिथलं रक्त वाढतं आणि हाड जास्त वाढतं.

आठवड्यातून एकदा पुरे. रोज तपासत बसलात तर मूल कंटाळतं आणि तुम्हाला रोज काहीतरी वेगळं दिसायला लागतं.

पायरी ४: तुमचा आकडा

आता मुख्य गोष्ट. भेटीच्या वेळी तुम्हाला एक कागद देतात, त्यावर ० ते १० अशी रेघ किंवा गोल असतात, बऱ्याच ठिकाणी अर्ध्या-अर्ध्याचे मिळून २१ गोल. प्रश्न असा असतो की आजारामुळे मुलावर जे काही परिणाम होतायत ते सगळं धरून मूल आत्ता कसं आहे. ० म्हणजे अगदी छान, १० म्हणजे अगदी वाईट.

हा दुखण्याचा आकडा नाही. दुखण्याची रेघ वेगळी असते, कधी त्याच कागदावर खाली असते, तर कुठली कुठली आहे ते वाचून घ्या. दुसरं, नर्सने सुई दाखवल्यावर मूल रडतंय म्हणून ८ द्यायचे नाहीत. कागदावर कुठला काळ धरायचा ते लिहिलेलं असेल तर तो, नाहीतर डॉक्टरांना विचारून घ्या आणि दर वेळी तोच धरा, आणि वही इथे कामाला येते. तिसरं, दर वेळी एकाच माणसाने भरा. एका भेटीला आईने ४ दिले, पुढच्या भेटीला बाबा गेले आणि त्यांनी १ दिला, तर सुधारणा मुलात झाली की कागद भरणारा बदलला हे कोणालाच सांगता येत नाही. मूल आठ-नऊ वर्षांचं झालं की त्यालाही स्वतंत्र भरायला द्या, शेजारी बसून "अगं तीन कर ना" असं सांगू नका. मुलाचा आणि तुमचा आकडा जुळत नसेल तर ते लपवायचं काही नाही, ते डॉक्टरांना कळायलाच हवं.

आता काही आईबाबा डॉक्टरांना बरं वाटावं म्हणून किंवा औषध वाढू नये म्हणून ० देतात. मला ती भीती कळते, मेथोट्रेक्सेट या जेआयएतल्या नेहमीच्या औषधाचं नाव नेटवर टाकलं की जे काही दिसतं ते वाचून झोप उडते. पण संधिवातात ते आठवड्यातून एकदाच आणि अगदी कमी डोसमध्ये देतात, रोज कधीच नाही, हे फाईलवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. आणि चालू राहिलेला दाह कूर्चा आणि हाड खात जातो, ते नुकसान भरून येत नाही. औषध वाढवायचं नसेल तर तसं तोंडाने सांगा, बोला, भांडा हवं तर, पण आकडा खरा द्या.

उलटही होतं. सूज गेलीय, रिपोर्ट चांगले आहेत, डॉक्टरांनी ० दिलाय आणि आईने ५. याचा अर्थ आई खोटं बोलतेय असा अजिबात नाही. मूल रात्री झोपत नसेल, पायाचे स्नायू अशक्त झाले असतील, गोळी घेतल्यावर दुसऱ्या दिवशी मळमळत असेल, शाळेत पीटीला बाजूला बसवत असतील. पण यावर उपाय जास्त जोरदार औषध नाही, फिजिओथेरपी, झोप, गोळीची वेळ बदलणं, शाळेशी बोलणं हे आहेत. म्हणून आकड्याच्या शेजारी एक ओळ लिहा, ५ का दिले ते. एवढी एक ओळ खूप काम करते.

पायरी ५: रक्ताचा रिपोर्ट कसा वाचायचा

जेडासमध्ये ईएसआर धरतात, म्हणजे शरीरात कुठेतरी दाह असला की वाढणारा रक्ताच्या तपासणीतला आकडा. तो जसाच्या तसा धरत नाहीत, नाहीतर ९० च्या ईएसआरसमोर बाकी सगळं किरकोळ झालं असतं. त्यातून २० वजा करून १० ने भागतात. २० किंवा कमी असेल तर ०, १२० किंवा वर असेल तर १०. म्हणजे ईएसआर ४२ असेल तर ४२ वजा २० म्हणजे २२, भागिले १०, झाले २.२.

ईएसआर म्हणजे लांबून दिसणारा धूर, आग कुठे लागलीय ते तो सांगत नाही. सर्दी-खोकला, दातातला पू, लघवीचं इन्फेक्शन, कशानेही तो चढतो. आणि आपल्याकडे विशेष लक्षात ठेवायचं म्हणजे हिमोग्लोबिन कमी असलं तरी ईएसआर वाढतो, आणि आपल्या मुलांमध्ये रक्त कमी असणं किती कॉमन आहे ते सांगायला नको. त्यामुळे दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा. ऑलिगोमध्ये तर गुडघा टम्म सुजलेला आणि ईएसआर १२ असं सर्रास असतं, तेव्हा रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणून आजार नाही असं कोणी म्हणालं तर मान्य करू नका. आरए फॅक्टर (मोठ्यांच्या संधिवातात बघतात ती रक्ताची तपासणी) निगेटिव्ह आला म्हणून संधिवात नाही असंही नसतं, बहुतेक मुलांमध्ये तो निगेटिव्हच असतो.

शक्यतो दर वेळी एकाच लॅबमध्ये तपासा आणि ताप येऊन गेला असेल तर डॉक्टरांना विचारून थोडे दिवस थांबून रक्त द्या. आमच्या एका रिपोर्टमध्ये ईएसआर एकदम निम्म्यावर आला होता, सगळे खूश झालो, नंतर कळलं की सॅम्पल बराच वेळ तसंच पडून होतं, दुसऱ्या दिवशी परत केला तर नेहमीसारखाच. सॅम्पल काही तासांत लावावं लागतं, घरी येऊन रक्त नेणाऱ्यांना हे विचारायला लाजू नका.

पायरी ६: डॉक्टर काय मोजतात

दोन गोष्टी. एक, त्यांचा स्वतःचा ० ते १० आकडा, आजार एकूण किती ॲक्टिव्ह वाटतो त्याचा. दोन, ॲक्टिव्ह सांध्यांची मोजणी. ॲक्टिव्ह सांधा म्हणजे ज्याला सूज आहे, हाड जाड झाल्याची नाही, दाहाची, किंवा सूज नसेल तर हालचाल कमी झालीय आणि सोबत हलवताना दुखतंय किंवा दाबल्यावर दुखतंय. नुसता दुखणारा सांधा यात धरत नाहीत. नुसता आखडलेला, जुना वाकडा राहिलेला सांधाही नाही. म्हणून तुम्ही "पाच सांधे दुखतात" म्हणालात आणि डॉक्टरांनी २ लिहिले तर त्यांनी ऐकलं नाही असं समजू नका. पण एक आग्रह जरूर धरा, सगळे सांधे तपासायचा. नुसता नेहमीचा गुडघा बघून फाईल मिटवली तर बोटं, घोटा, जबडा, मान राहून जातात. सैल कपडे घालून न्या, जीन्स नको, तपासताना वेळ वाचतो. त्या सकाळी दुखण्याचं औषध दिलं असेल तर किती वाजता दिलं ते सांगा, स्वतःहून बंद करून नेऊ नका.

पायरी ७: बेरीज

चार भाग झाले: डॉक्टरांचा आकडा, तुमचा आकडा, ॲक्टिव्ह सांधे, आणि ईएसआरचा बदललेला आकडा. सरळ बेरीज करायची. हा स्कोर २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे तीन प्रकार आहेत, सांधे किती धरायचे त्यावरून, ७१, २७ आणि १०. जेडास-१० मध्ये कुठलेही सांधे मोजतात पण १० च्या वर गेले तरी १०च धरतात, म्हणून तो जास्तीत जास्त ४० होतो. क्लिनिकमध्ये हाच जास्त सोयीचा. रक्ताचा रिपोर्ट हातात नसेल तर ईएसआर सोडून बाकी तिघांची बेरीज करतात, त्याला क्लिनिकल जेडास म्हणतात, तो जास्तीत जास्त ३०.

उदाहरण घ्या. ऑलिगोवाली चार वर्षांची मुलगी. उजवा गुडघा आणि डावा घोटा ॲक्टिव्ह, म्हणजे २. डॉक्टरांनी दिले ३. आईने दिले ४. ईएसआर ४२, म्हणजे २.२. एकूण ११.२. आता २०२१ मध्ये ज्या नवीन मर्यादा आल्या त्याप्रमाणे ऑलिगोमध्ये जेडास-१० जर १.४ किंवा कमी असेल तर आजार शांत, १.५ ते ४ कमी, ४.१ ते १३ मध्यम, १३ च्या वर जास्त. म्हणजे हिचा मध्यम. पॉलीमध्ये २.७ पर्यंत शांत, ६ पर्यंत कमी, १७ पर्यंत मध्यम, त्याच्या वर जास्त.

तीन महिन्यांनी तीच मुलगी. गुडघ्यात इंजेक्शन दिलेलं, मेथोट्रेक्सेट सुरू. ॲक्टिव्ह सांधे ०, डॉक्टर ०.५, आई १, ईएसआर १८ म्हणजे ०. बेरीज १.५. मर्यादा १.४. आईने १ ऐवजी ०.५ दिला असता तर हीच मुलगी 'शांत' मध्ये गेली असती! म्हणून मघाशी तुमच्या आकड्यावर इतकं बोलले. आजार उतरतो तेव्हा सांधे आणि ईएसआर शून्यावर येतात आणि स्कोरमध्ये उरतात ते दोनच आकडे, डॉक्टरांचा आणि तुमचा.

एक सूचना, नेटवर २०१२ च्या जुन्या मर्यादासुद्धा सापडतात, त्या बऱ्याच कडक आहेत. त्यात ऑलिगोमध्ये ४.२ च्या वर गेलं की 'जास्त', म्हणजे आपली ११.२ वाली मुलगी त्या तक्त्यात थेट शेवटच्या रकान्यात बसते. एकाच मुलाला एकीकडे मध्यम आणि दुसरीकडे जास्त असं दिसलं तर आजार बदललेला नाही, तक्ता बदललाय. तुमचे डॉक्टर कुठला वापरतात ते एकदा विचारा आणि वहीत तोच चिकटवा.

पायरी ८: जे या आकड्यात येतच नाही

इथे जरा थांबून वाचा, कारण स्कोर शून्य आहे म्हणून सगळं ठीक असं समजणं धोक्याचं आहे.

सगळ्यात आधी डोळे. जेआयएमध्ये डोळ्याच्या आत दाह होऊ शकतो, युव्हायटिस म्हणतात, आणि लहान मुलांमध्ये डोळा लाल होत नाही, दुखत नाही, पाणी येत नाही, मूल तक्रार करत नाही, आणि नजर जात राहते. सांध्यांशी त्याचं वेळापत्रक जुळत नाही, सांधे एकदम शांत असताना डोळे धरू शकतात. धोका जास्त कोणाला तर ऑलिगो, एएनए (रक्तातली एक अँटीबॉडी) पॉझिटिव्ह आणि सात वर्षांच्या आत आजार सुरू झालेला, त्यांना पहिली काही वर्षं दर ३ महिन्यांनी स्लिट लॅम्पवर (डोळ्याच्या आत बघायचं सूक्ष्मदर्शक यंत्र) तपासणी लागते, बाकीच्यांना ६ ते १२ महिन्यांनी. चष्म्याचा नंबर काढून आणला म्हणजे ही तपासणी झाली असं नाही. डोळ्याच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा की संधिवात आहे, आतला दाह बघायचाय, सेल्स म्हणजे दाहाच्या पेशी आहेत का ते तुम्ही कागदावर लिहून द्या.

सिस्टेमिक प्रकारात ताप आणि पुरळ साध्या जेडासमध्ये मोजतच नाहीत, म्हणून त्यासाठी वेगळा सिस्टेमिक जेडास तयार झालाय. तापाची नोंद दिवसातून तीन-चार वेळा वेळेसकट ठेवा, तो बहुतेक दिवसातून एकदा चढतो आणि पूर्ण उतरतो, आणि पुरळ तापासोबत येऊन जातं, सावळ्या कातडीवर चटकन दिसत नाही, तर ताप असताना पोट, काखेच्या आसपास, मांड्या बघा आणि फोटो काढा. टाच-कंबरवाल्या प्रकारासाठीही वेगळा स्कोर आहे, त्यात पाठीचं वाकणं, टाचेतलं दुखणं असं धरतात.

रोजची कामं किती जमतात त्याचं माप निराळं, त्याला सीएचएक्यू म्हणतात, ० ते ३ मध्ये. कपडे घालणं, उठणं, खाणं, चालणं असे प्रश्न असतात. त्यात आपल्या घरातलं काही सुटलं तर तोंडी सांगा, मांडी घालून जेवता येतं का, भारतीय संडासात बसता येतं का, डब्याचं झाकण उघडतं का, शाळेचं दप्तर घेऊन दुसऱ्या मजल्यावर चढता येतं का.

आणि उंची-वजन. दाह चालू असला किंवा स्टेरॉइड लांबलं तर वाढ मंदावते. दर भेटीला उंची लिहून घ्या, दाराच्या चौकटीवरची खूणही चालेल.

पायरी ९: आकड्याचं करायचं काय

एकटा आकडा फारसं बोलत नाही, आकड्यांची ओळ बोलते. वहीच्या मागच्या पानावर तारीख आणि स्कोर लिहीत जा. जगभरच्या तज्ज्ञांनी २०१८ मध्ये उपचारांचं ध्येय ठरवून दिलंय: आधी टार्गेट ठरवा, ते म्हणजे आजार पूर्ण शांत होणं, आणि जुना हट्टी आजार असेल तर निदान कमी ॲक्टिव्ह. सगळ्यांमध्ये ३ महिन्यांत निम्म्याने तरी सुधारणा आणि ६ महिन्यांत टार्गेट. नाही झालं तर उपचार बदलायचे. आता यात आपण एक गोष्ट ध्यानात घ्यायची, मेथोट्रेक्सेटला काम करायला दीड ते तीन महिने लागतात, तीन आठवड्यांत फरक नाही म्हणून डॉक्टर बदलू नका, पण सहा महिने स्कोर तिथेच अडकलाय आणि औषधही तेच, तर प्रश्न विचारा. "आपलं टार्गेट काय आहे, आत्ता आपण कुठे आहोत, तीन महिन्यांत तिथे नाही पोचलो तर पुढे काय?" हे तीन प्रश्न कुठल्याही चांगल्या डॉक्टरांना आवडतात.

स्कोर 'शांत' आला म्हणजे औषध बंद असं नाही. एका भेटीत शांत दिसणं वेगळं आणि रेमिशन वेगळं. औषध चालू असताना सलग ६ महिने शांत राहिला तर औषधावरचं रेमिशन म्हणतात, औषध बंद केल्यावर सलग १२ महिने राहिला तर औषधाशिवायचं. औषध कधी कमी करायचं ते डॉक्टर त्याच्याही पुढे बघून ठरवतात. गाव बदललं, परीक्षा आली, लग्न आलं, मूल छान आहे म्हणून दोन-तीन डोस राहिले असं होतं, तेव्हा राहिलेले डोस वहीत खरे खरे लिहा, नाहीतर स्कोर वाढल्यावर औषध लागू पडत नाही असा समज होऊन उगाच पुढचं महागडं इंजेक्शन सुरू होतं.

पायरी १०: कधी स्कोर बाजूला ठेवून सरळ हॉस्पिटल गाठायचं

एकच सांधा अचानक लाल, गरम, हात लावू देत नाही, पाय टेकत नाही आणि ताप आहे, तर आजार वाढलाय असं समजून घरी वाट बघू नका, सांध्यात पू असू शकतो, त्याच दिवशी दाखवा. मेथोट्रेक्सेट, स्टेरॉइड किंवा बायोलॉजिक (दाहाच्या ठरावीक रेणूवर काम करणारी महागडी इंजेक्शनं) चालू असताना जास्त ताप आला, कांजिण्या निघाल्या किंवा कांजिण्या झालेल्या मुलाच्या जवळ गेलं तर लगेच फोन करा, पुढचा डोस विचारल्याशिवाय देऊ नका. डोळा दुखला, उजेड सहन होईना, बुबुळाचा आकार वेडावाकडा दिसला तर ठरलेल्या तारखेची वाट नको.

आणि सिस्टेमिकवाल्यांनी हे पाठ करून ठेवा. ताप आता उतरतच नाही, मूल सुस्त पडलंय, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, अंगावर निळसर डाग, आणि रिपोर्टमध्ये प्लेटलेट खाली आणि ईएसआर, जो इतके दिवस ८०-९० असायचा तो एकदम २० वर आलाय. दिसायला वाटतं ईएसआर सुधारला. तसं नसतं, मॅक्रोफेज ॲक्टिवेशन सिंड्रोम नावाच्या गुंतागुंतीत रक्तातलं फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रथिन) संपतं म्हणून ईएसआर पडतो, मूल मात्र बिघडत असतं. अशा वेळी फेरिटिन, प्लेटलेट, लिव्हरचे रिपोर्ट तातडीने लागतात आणि ॲडमिट व्हावं लागतं, रात्री दोन वाजले असतील तरी निघा, सोबत फाईल आणि वही घ्या आणि कॅज्युअल्टीमध्ये पहिलं वाक्य हेच सांगा की मुलाला सिस्टेमिक जेआयए आहे आणि ईएसआर अचानक पडलाय.